रोज माफी मागतो, तरी मन हलकं का होत नाही?

प्रश्न विचारणारे भाऊ नागपूरचेच, वय 34, ख्रिस्ती घरातले. सहा वर्षांपूर्वी वडील आजारी असताना पुण्याच्या मोठ्या बहिणीने उपचारांसाठी पैसे पाठवले. त्यातल्या 80,000 रुपयांतून यांनी स्वतःच्या अंगावरचं कर्ज मिटवलं आणि ताईला सांगितलं, सगळे हॉस्पिटलच्या बिलात गेले. पुढे वडील वारले. उपचारांत काही कमी पडलं नव्हतं, हेही त्यांनी मुद्दाम लिहिलंय. तेव्हापासून ते रोज रात्री देवाची माफी मागतात, कापणीच्या सणाला ऐपतीबाहेर दान टाकतात आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात त्या दिवशी, मात्र मागच्या बाकावरून हळूच उठून निघून जातात. त्यांचे प्रश्न असे: देवाने क्षमा केली की नाही? केली असेल तर आनंद का होत नाही? ताईला सांगू का? आणि तोवर प्रभुभोजन घेऊ का?

भाऊ, मी याच शहरात 31 वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून काम केलं. तुमच्यासारखी माणसं उपासनेनंतर सगळे गेल्यावर, चपला घालता घालता बोलायला लागतात. त्यांचं ऐकून मला जे समजलं ते लिहितो. तुमच्या घरातलं सगळं मला ठाऊक नाही, त्यामुळे काही गोष्टी ‘असं असेल तर’ म्हणूनच सांगाव्या लागतील.

आधी प्रश्न जरा उलगडू. तुम्ही विचारताय, देवाने क्षमा केली का. पण वाचताना मला दिसलं ते असं, की तुमच्याकडे दोन खाती आहेत आणि तुम्ही एकाचा भरणा दुसऱ्यात करताय. आपल्या मराठीत कुणी वाईट वागलं की म्हणतात, ‘कुठं फेडशील ही पापं!’ पाप म्हणजे कर्ज आणि ते फेडायचं असतं, हे आपण आईच्या दुधाबरोबरच शिकतो. मग पाप फेडायला माणूस काय काय करतो! उपास करतो, दान करतो, रोज रात्री नाक घासतो. आता प्रभूची प्रार्थना आठवा, तुम्ही ती लहानपणापासून म्हणता. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ तिथं क्रियापद ‘फेडणे’ नाही, ‘सोडणे’ आहे. देवाचं ऋण फेडता येत नाही, ते तो सोडतो. ताईचे 80,000 मात्र देवाने सोडून चालत नाही. ते तिचे आहेत, ते फेडायचे.

तुम्ही नेमकं उलटं केलंय. जे सोडलेलं आहे ते सहा वर्षं फेडत बसलाय, आणि जे फेडायचं आहे ते आपोआप सुटेल याची वाट बघताय. चर्चच्या थैलीत टाकलेल्या जादा नोटा ताईच्या खात्यात जमा होत नाहीत हो.

आता माझं सांगतो, म्हणजे हा माणूस वरून बोलतोय असं वाटायला नको. मी विशीत होतो, मंडळीच्या तरुण संघाचा खजिनदार. नाताळच्या नाटकासाठी वर्गणी जमली होती, त्यातले पैसे मी हळूहळू खर्चून टाकले. चहा, सिनेमा, एक स्वेटर. हिशेबात ‘पडदे व किरकोळ’ असं लिहून मोकळा झालो. मग झोप गेली. डिसेंबरची कडाक्याची थंडी, आणि मी रात्री दोनला अंगणात फेऱ्या मारतोय. शेवटी एका सकाळी आमच्या म्हाताऱ्या पाळकसाहेबांच्या घरी गेलो. ते स्वयंपाकघरात स्टोव्हला पिन मारत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “काऊन रे, तोंड असं काऊन झालं?”

मी सुरू केलं, “साहेब, मी फार पापी माणूस आहे.”

“ते तर सारेच आहेत. तू काय केलं ते सांग.”

“संघाचे थोडे पैसे माझ्याकडून इकडे तिकडे झाले.”

“इकडे तिकडे?” त्यांनी पिन खाली ठेवली. “पैशाले पाय फुटले का?”

“घेतले मी.”

“किती?”

“अंदाजे तीनशे...”

“अंदाजे नको.” उठून त्यांनी खिडकीतली दुधाच्या हिशेबाची वही आणली, मागचं पान काढलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. “लिही.”

त्या वहीत, दुधाच्या रतिबाच्या मागे, मी एकेक करून सगळं लिहिलं. बेरीज आली 340. तो आकडा बघून मी रडलो. ‘मी फार पापी’ म्हणताना डोळ्यांत टिपूसही नव्हता. नंतर त्यांनी प्रार्थना केली, अगदी छोटी, आणि पान फाडून मला देत म्हणाले, “देवाकडलं झालं. आता याच्याबद्दल त्याले पुन्हा माफी मागाची नाही. आभार मानाचे असले तर मान. हा कागद घेऊन रविवारी कमिटीसमोर जा.” मी गेलो. कमिटीत दोघं जण भडकले, माझं खजिनदारपद गेलं, पाच महिन्यांत पैसे भरले. त्या पाच महिन्यांत लोक मला बघून कुजबुजायचे, पण झोप मात्र पहिल्याच रात्री लागली होती.

त्या सकाळी जे शिकलो तेच पुढे 31 वर्षं वापरलं. पाप त्याच्या नावाने सांगायचं. ‘चुका झाल्या’, ‘कमी पडलो’, ‘परिस्थितीने करायला लावलं’ या वाक्यांना क्षमा मिळत नाही असं मी म्हणणार नाही, देव काय करेल ते मी कोण ठरवणार. पण अशा वाक्यांनंतर माणसाला क्षमा मिळाल्यासारखं वाटत नाही, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. कारण आपण काय ठेवलं होतं हेच सांगितलं नाही, तर ते उचललं गेलं हे कळणार कसं?

पवित्र शास्त्रात दावीद राजाचं बघा. दुसऱ्याची बायको घेतली, तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, आणि गप्प बसला. नाथान संदेष्टा येऊन ‘तो मनुष्य तूच’ म्हणाला तेव्हा दाविदाचं उत्तर किती लांब होतं? मूळ इब्री भाषेत दोन शब्द. मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं, एवढंच. आणि नाथानाने त्याच क्षणी सांगितलं, परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे. एक महिना थांब, बघू, असं नाही. त्याच वेळी हेही सांगितलं की जे केलंस त्याचे परिणाम घरात राहतील, आणि ते राहिले. क्षमा झाली म्हणजे घडलेलं पुसलं गेलं असं नव्हे.

गप्प बसण्याच्या त्या दिवसांचं वर्णन 32 व्या स्तोत्रात आहे. मी गप्प राहिलो तेव्हा हाडं झिजली, अंगातला ओलावा उन्हाळ्याच्या तापाने सुकावा तसा सुकला. हे स्तोत्र नागपूरच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस चालू असताना दुपारी दोन वाजता आपल्या सदर भागातल्या रस्त्यावर उभे राहा, कळेल. घाम येतो तोही टिकत नाही, वाळूनच जातो. तुमच्या पत्रात मला तेच दिसलं. रडू येत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

तुम्ही म्हणाल, पण मी तर देवाला रोज नावानिशी सांगतो. मान्य. म्हणून आता योसेफाच्या भावांकडे वळतो, कारण तुमची गोष्ट दाविदापेक्षा त्यांच्याशी जास्त जुळते. भावांनी योसेफाला विकलं होतं. मिसरमध्ये भेट झाली, त्याने गळ्यात पडून रडून त्यांना क्षमा केली, जमीन दिली, धान्य दिलं. बाप याकोब तिथं 17 वर्षं जगला. तो वारल्यावर भाऊ पुन्हा घाबरले. आता हा सूड घेईल म्हणून निरोप पाठवला, पायाशी येऊन पडले, आम्ही तुझे दास आहोत म्हणाले. आणि योसेफ रडला. उत्पत्तीच्या 50 व्या अध्यायात आहे हे, आज रात्री माफी मागण्याऐवजी ते वाचा. 17 वर्षं त्याच्या ताटातलं खाल्लं आणि 17 वर्षं मनात धरून होते की याने खरं माफ केलेलं नाही. योसेफाला दुखलं ते जुन्या गुन्ह्याने नाही, या अविश्वासाने.

येशूने सांगितलेल्या गोष्टीतल्या, बापाचा पैसा उधळून परत आलेल्या उडाऊ पुत्राचंही तसंच. घरी येताना त्याने एक भाषण पाठ केलं होतं: बापा, मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला मजुरासारखं ठेव. लूकच्या 15 व्या अध्यायात ते भाषण दोनदा येतं. दुसऱ्यांदा मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, त्याआधीच बाप नोकरांना झगा आणायला सांगतो. मजूर व्हायचं म्हणजे फेडायचं. बापाने ती बोलणीच होऊ दिली नाहीत.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर: होय, क्षमा झाली आहे. आपण पाप कबूल केलं तर तो क्षमा करण्यास विश्वासू आणि न्यायी आहे, असं योहानाने पहिल्या पत्रात लिहिलंय. मला त्यातला ‘न्यायी’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. दयाळू म्हटलं असतं तर आपण म्हणालो असतो, आज मूड असेल, उद्या नसेल. आमची श्रद्धा अशी की ते कर्ज ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःच्या अंगावर घेतलं, म्हणून ते पुन्हा तुमच्याकडून वसूल करणं अन्याय होईल. तर उद्यापासून या पापाची माफी मागणं बंद. सवय मोडायला जड जाईल. ओठावर आलंच तर त्या जागी आभार माना.

इथं एक ‘असं असेल तर’ सांगतो. कुणाकुणाला हा प्रकार एका पापापुरता नसतो. प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मनात नुसता विचार आला म्हणून तासभर पश्चात्ताप, दिवसात वीस वेळा ‘क्षमा झाली ना?’ मार्टिन ल्यूथर तरुणपणी मठात असताना तासन्‌तास कबुलीजबाब देत बसे आणि बाहेर पडल्यावर काही राहिलं म्हणून परत जाई. तुमचं असं असेल तर पाळकाबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. तो आजार असू शकतो आणि त्याला औषध आहे. 14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. असं सुचवलं की लोक दचकतात, ‘साहेब, माझा विश्वास कमी आहे म्हणता का?’ नाही बाबा. साखर वाढली तर डॉक्टरकडे जाताच ना. तुमच्या पत्रावरून मात्र मला तसं वाटत नाही. तुमच्या मनाची टोचणी एकाच जागी आहे आणि जागा बरोबर आहे.

म्हणजे ताई.

सांगावं का, तर तुमच्या बाबतीत माझं उत्तर होय. सरसकट सगळ्यांना मी तसं सांगत नाही. मनात कुणाबद्दल मत्सर होता, तो त्याला जाऊन सांगून त्याची झोप उडवायची नसते. सांगितल्याने कुणाच्या जिवाला धोका होणार असेल, घरात मारहाण होणार असेल, तर आधी पाळकाशी किंवा एखाद्या शहाण्या माणसाशी बोलून वाट काढावी लागते. आणि लहान मुलावर अत्याचार झाला असेल तर ते माझ्यापाशी गुपित राहत नाही, हे मी बसतानाच सांगतो. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवावंच लागतं, आणि कायदा नसता तरी कळवलं असतं. तुमचं प्रकरण पैशाचं आहे. पैसे ताईचे होते, खोटं ताईशी बोललात, आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसांबद्दल तिच्या मनात एक चुकीचा हिशेब बसलेला आहे. तो दुरुस्त होणं हा तिचा हक्क आहे.

नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार पडला आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्याच प्रवचनात येशू म्हणतो, वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. कापणीच्या सणाची तुमची ती जादा थैली मला इथं दिसते.

किती द्यायचे? मोशेच्या नियमशास्त्रात याचा हिशेबच आहे. फसवून घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, ज्याचं असेल त्याच्याच हाती, दोषार्पण, म्हणजे त्या अपराधाबद्दलचं अर्पण वेदीपाशी आणायचं त्याच दिवशी. तुमच्या 80,000 वर 16,000, म्हणजे 96,000. हा नियम ख्रिस्ती माणसाच्या मानेवर ठेवत नाही, पण त्यातली समज चांगली आहे. सहा वर्षांत 80,000 चे 80,000 राहिलेले नाहीत. एकरकमी नसतील तर महिन्याला 4,000 धरले तर 24 महिने. ताई म्हणाली, वरचे नकोत, तर वाद घालू नका. म्हणाली, काहीच नको, तर मात्र एकदा आग्रह करा. आणि येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय जकातदाराचं लक्षात असू द्या. तो चौपट परत देईन म्हणाला, पण त्याआधीच तो झाडावरून उतरून येशूला आनंदाने घरी घेऊन गेला होता. लूकने ‘आनंदाने’ हा शब्द आधी लिहिलाय, पैशाची गोष्ट दोन ओळींनंतर.

सांगायचं कसं, यावर थोडं जास्त लिहितो, कारण इथंच माणसं घसरतात. व्हॉट्सअॅपवर लिहू नका. ताई ऑफिसात असताना फोन करू नका. लग्नकार्यात, वडिलांच्या स्मरणदिनी, घरात दहा माणसं असताना नको. पुण्याला जाता येत असेल तर जा, नसेल तर रविवारी दुपारी फोन करा आणि आधी विचारा, ताई, अर्धा तास आहे का? मग असं काहीतरी: “ताई, बाबांच्या वेळी तू पैसे पाठवले होते. त्यातले ऐंशी हजार मी माझं कर्ज फेडायला वापरले आणि तुला बिलात गेले म्हणून खोटं सांगितलं. ती चोरी होती. मी दर महिन्याला चार हजार परत करणार आहे.” आणि थांबायचं. यात ‘पण’ कुठंच नाही, बघा. ‘पण उपचारांत काही कमी पडलं नाही’ हे तुम्ही मला लिहिलंत तेच तिला सांगायचा मोह होईल. तिने विचारलं तर सांगा, बिलं असतील तर दाखवा. स्वतःहून नको. ‘पण’ आला की कबुली संपली आणि वकिली सुरू झाली.

‘मला माफ केलं म्हण’ असंही तिच्याकडून वदवून घेऊ नका. तुम्ही सहा वर्षं घेतलीत, तिला सहा महिने तरी द्या. ती रागावेल, भाऊजींना सांगेल, कदाचित नातेवाइकांत बोभाटा होईल. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या भावाने दोन वर्षं फोन उचलला नाही. ते दर महिन्याला पैसे टाकत राहिले. देवाने सोडलं म्हणून तिनेही लगेच सोडावं, असा काही हिशेब नसतो.

हे सगळं आधी पाळकाशी बोलायचं का? जड जात असेल तर बोला. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 ला इथं नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली, त्यामुळे आमच्या बाकांवर निरनिराळ्या सवयींची माणसं शेजारी बसतात. कुणी छापील पापांगीकार सगळ्यांबरोबर मोठ्याने म्हणणारे, कुणी मान खाली घालून गप्प राहणारे. दोन्हींत लपायला भरपूर जागा आहे, हे मी पाळक म्हणून कबूल करतो. एका माणसासमोर एकदा तोंडाने बोललं की लपता येत नाही. कॅथलिक असाल तर पापनिवेदन आहेच, आणि तिथलं गुपित धर्मगुरूला कुठल्याही कारणाने फोडता येत नाही. आमच्याकडे तसा संस्कार नाही, पण नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात एकमेकांजवळ पापं कबूल करा म्हटलंय. माणूस मात्र पारखून घ्या. ज्याच्याकडून तुम्ही दुसऱ्यांची गुपितं ऐकली असतील त्याच्याकडे जाऊ नका.

आता आनंद. तुम्ही त्याची वाट बघताय ती, मला वाटतं, सभेत लोक साक्ष देताना सांगतात तशा आनंदाची. अंगातून वीज गेली, ओझं उतरलं वगैरे. कुणाला होतं तसं. मी पाहिलेला आनंद बहुतेक वेळा साधा असतो. बायको सांगते, हे आता रात्री घोरतात. एक बाई म्हणाल्या, साहेब, जेवणाला चव आली. दाविदानेसुद्धा तारणाचा आनंद ‘परत दे’ म्हणून मागितलाय, म्हणजे त्यालाही तो आपोआप आला नव्हता. आणि मागितला तोही कधी, तर पाप कबूल केल्यावर. तुम्हाला तो कुठं भेटेल त्याचा माझा अंदाज सांगू? स्क्रीनवर ‘ताई’ दिसेल आणि पोटात गोळा न येता तुम्ही फोन उचलाल, तिथं.

प्रभुभोजनाचं राहिलं. तुम्ही स्वतःला अयोग्य समजून उठून जाता. पौलाने करिंथकरांना लिहिलं ते नीट वाचा: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं, असं नाही लिहिलेलं. तर येत्या प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधी ताईला फोन करा. तिने उचलला नाही, किंवा उचलून आपटला, तरी रविवारी या. पहिला 4,000 चा हप्ता शनिवारीच तिच्या खात्यात टाका आणि सकाळी मागच्या बाकावर बसू नका, तिथून दार फार जवळ पडतं.